कातळाला किती झेपते?

जून उजाडला की पुणे, सातारा, रायगड आणि नाशिक जिल्ह्यांत दोन याद्या फिरू लागतात. पहिली मोबाइलवर येते: पावसाळ्यात पाहायलाच हवीत अशी ठिकाणे. दुसरी सरकारी कार्यालयातून निघते: पर्यटकांना मज्जाव असलेली ठिकाणे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर बरीचशी नावे तीच निघतात. भुशी धरण, लोहगड, ताम्हिणी, देवकुंड, अंधारबन. पहिल्या यादीने माणसे जमतात, दुसरीने पोलीस, आणि रविवारी दुपारी घाटात दोघे समोरासमोर उभे राहतात. या याद्या परस्परविरोधी वाटल्या तरी दोघींत खोट एकच आहे. दोघींच्या लेखी सह्याद्री म्हणजे सुट्या सुट्या ‘पॉईंट’ची माळ आहे: इथला धबधबा, तिथला कडा, पलीकडचे फुलांचे पठार. प्रत्यक्षात ही सारी एकाच ज्वालामुखीय खडकाची रूपे आहेत. तो खडक कुठे टणक, कुठे ठिसूळ, कुठे पाणी मुरवणारा आणि कुठे ते तसेच पुढे ढकलणारा आहे, यावरून तिथे किती माणसांनी, कधी आणि कसे जावे हे ठरायला हवे. आपल्याकडे ते ठरते गाडी कुठवर जाते यावरून.

खडकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळून दूरवर पसरत राहिला. चित्रात असतो तसा शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा डोंगर इथे शोधून सापडायचा नाही. (लोणारचे सरोवर अनेकांना ज्वालामुखीचे तोंड वाटते. ते उल्केच्या आघाताने याच बसाल्टमध्ये पडलेले विवर आहे.) लाव्हाचा एक थर निवायचा, काही काळाने त्यावर दुसरा यायचा. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात रस्त्याकडेची कापलेली भिंत जवळून पाहिली की हे थर भाकरीच्या चळतीसारखे दिसतात. खाली काळाकभिन्न, उभ्या भेगांचा टणक कातळ. वर जावे तसा तोच खडक सच्छिद्र होत जातो, कारण लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वरच्या अंगाला येऊन अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी, हिरवट खनिजे भरली. विहिरी खणणारे या मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातल्या झिओलाइटचे देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले आहेत. आणि दोन थरांच्या सांध्यात मधूनच विटेच्या रंगाचा, नखाने खरवडता येईल असा पट्टा लागतो. दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात वरचा खडक कुजून झालेली माती पुढच्या लाव्हाखाली भाजली गेली, बहुतेकदा तिचाच हा उरलेला माग.

टणक थर उभा कडा होऊन टिकतो, मऊ थर झिजून उताराची पायरी होते. सह्याद्रीत जे जे पाहण्यासारखे आहे ते या एका भेदातून घडले आहे. हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा, राजगडाची माचीवर उभी असलेली बालेकिल्ल्याची भिंत, रतनगडाच्या माथ्यावरचे आरपार नेढे, सांदण दरीची अंग चोरून चालावी लागणारी फट, निघोजला कुकडीच्या पात्रात दगडगोट्यांनी गरगरत कोरून काढलेले रांजणखळगे, सगळे त्यातलेच. गड बांधणाऱ्यांना अर्धा तट निसर्गाने आयता दिला होता आणि त्यांनी तो ओळखला. पाण्याची टाकी कुठे खोदायची, पायवाट कड्याच्या कुठल्या बगलेने चढवायची, दरवाजा कुठे बसवायचा, हे त्या काळच्या माणसांनी खडक वाचून ठरवले. भाजे, कार्ले, अजिंठा इथली लेणी खोदणाऱ्यांनीही तेच केले. खडकाकडे न पाहता सह्याद्रीत बांधकाम करण्याची रीत अलीकडची आहे.

तीन ठिकाणी ही रीत अंगाशी येते: सड्यावर, पाण्यात आणि उतारावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचे सपाट पठार. बसाल्ट ऊनपावसात कुजून त्यावर जांभ्याचे कठीण कवच तयार झाले, आणि त्या कवचावर माती जवळजवळ नाहीच. पाचगणीचे टेबललँड असे आहे, साताऱ्याजवळचे कास असेच. फेब्रुवारीत पाहिले तर जळका, उघडाबोडका कातळ. पण पावसाने त्याच्या खोलगट भागांत बोटभर पाणी साचते, भेगांत चिमूटभर माती धरते, आणि ऑगस्टअखेरीपासून दीड-दोन महिने त्याच्यावर रंग लोटतो. गुलाबी तेरडा, गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झिलई, साचल्या पाण्यात वायतुरा. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत अन्न नाही म्हणून ती पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर गुजराण करते. तिची सगळी मुळासारखी यंत्रणा ओल्या मातीच्या अगदी पातळ थरात असते. त्यावर पाऊल पडले की फूल मोडते, हे झाले वरवरचे नुकसान. खरे नुकसान असे की मातीचा तो थर दाबला जातो किंवा बुटाला चिकटून निघून जातो, आणि पुढच्या वर्षी तिथे रुजायला काही उरत नाही. काळ्या जमिनीच्या शेतात पाऊल उमटले तर पुढच्या नांगरटीला मिटते. सड्यावर ते वर्षानुवर्षे राहते. अशा जागी एकाच रविवारी किती हजार माणसे उतरवायची, हा हौसेचा किंवा महसुलाचा नव्हे, मातीच्या जाडीचा प्रश्न आहे.

पाण्याची गोष्ट अधिक जिवावरची. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ओढ्याच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रीकरण राज्याने पाहिले. त्यानंतर ‘पर्यटकांचा बेजबाबदारपणा’ यावर रकाने भरले. बेजबाबदार वागणारे असतातच. पण गुडघाभर संथ पाणी काही मिनिटांत माणूस उचलून नेईल इतके का वाढते, हे त्या माणसांना कोणी सांगितले होते? घाटमाथ्यावर टणक कातळ उघडा पडलेला असतो, वर माती नसते, झरा-ओढ्याचे पाणलोट लहान आणि उतार खडे असतात. वरच्या पठारावर सर आली की पाणी मुरण्याऐवजी थेट ओढ्याला लागते. खाली भिजत असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी पाऊस नसतोही. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही, आणि ओढा पायरीपायरीने पडत असल्यामुळे एका धबधब्यातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडी जातो. ही सगळी या खडकाची ठरलेली वागणूक आहे आणि म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. वरच्या अंगाला पर्जन्यमापक आणि पाण्याची पातळी पाहणारा गावातला माणूस, खाली भोंगा, आणि ठरलेल्या पातळीला ओढा रिकामा करण्याचा अधिकार, एवढ्याने यातला बराच धोका टळू शकतो. यात न बसवता येण्यासारखे काही नाही. आपण बसवतो ते ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असे फलक.

पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 रोजी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चार जण गेले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. तिथेही पात्रात कातळाचे कुंड आहेत, तेच पाहायला माणसे येतात. धोकादायक पूल, त्यावर मावणार नाही इतकी माणसे, आणि ती मोजणारे कोणी नाही. गर्दी ही आपत्ती झाल्यावरच मोजायची गोष्ट आहे असा आपला समज दिसतो.

उतारांचे दुखणे याहून जुने. 30 जुलै 2014 ला माळीणमध्ये 151 माणसे डोंगराखाली गेली. 2021 च्या जुलैत महाडजवळ तळिये, आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी, जिथे मृत आणि बेपत्ता मिळून 84 जण हरवले. ही गावे पर्यटनाने मेली असे म्हणणे खोटे ठरेल. पण या घटनांनी घाटातल्या उताराबद्दल जे शिकवले ते पर्यटनाला लागू पडते: कातळावर बसलेला मुरमाचा आणि मातीचा जाड थर पाण्याने भरला की त्याची पकड सुटते, आणि पायथ्याशी किंवा कुशीत केलेली प्रत्येक सपाटी त्याचा आधार कमी करते. 2021 च्या त्याच पावसात महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाट जागोजागी तुटला. अशा उतारात ‘व्हॅली व्ह्यू’च्या खोल्यांसाठी जेसीबी लावणे, पार्किंगसाठी बाक कापणे, रस्ता रुंद करण्यासाठी तो विटकरी मऊ थर उघडा पाडणे, हे सगळे परवानगीने आणि परवानगीविना चालू आहे.

सरकारची उत्तरे दोन ठरलेली आहेत. एक बंदी: पूर्वी कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163. दुसरे काँक्रीट: रेलिंग, रोपवे, काचेचा पूल. बंदीला एक गुण आहे, ती लगेच लागू होते आणि अपघात घडलेल्या आठवड्यात तिच्याशिवाय दुसरे काही हाताशी नसते. पण संपूर्ण पावसाळाभर, अख्ख्या परिसराला लावलेली बंदी खडक पाहत नाही. कोरड्या दिवशी निर्धोक असलेली किल्ल्याची पायवाट आणि मुसळधारेत जीव घेणारा ओढा तिला सारखेच. लोक तिला जुमानत नाहीत, कारण बंदी असलेल्या दहा दिवसांपैकी नऊ दिवस काहीच होत नाही असे त्यांना दिसते. आणि नाक्यावर अडवलेली गाडी घरी परतत नाही, पोलीस नसलेल्या पुढच्या धबधब्याकडे वळते. काँक्रीटचा दोष उलटा आहे. ते धोका कमी झाल्याचा भास देऊन आणखी माणसे बोलावते, आणि बोलावते ती अशा जागी जिथे कड्याचा माथाच भेगाळलेला असतो.

तिसरा मार्ग स्वप्नातला नाही, याच डोंगरांत दोन ठिकाणी तो चालू आहे. कासला हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरवली गेली, नोंदणी आधी करावी लागते, शुल्क भरावे लागते, आणि व्यवस्था वनविभागासोबत कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांतले लोक समितीमार्फत पाहतात. तिथले सगळे आलबेल आहे असे नाही. शनिवार-रविवारी मर्यादा ताणली जाते, रस्त्याच्या कडेला हॉटेले वाढत आहेत. पठाराला घातलेल्या कुंपणाचा प्रयोग तर वादग्रस्तच ठरला. गुरे चरायची थांबली की उंच गवत माजते आणि ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनीही घेतला, आणि पुढे जाळ्या काढाव्या लागल्या. पण या चुकीतूनच कासचे मोल कळते. मर्यादा, मोजदाद आणि स्थानिक माणसे असली की चूक ध्यानात येते आणि सुधारता येते. जिथे कोणी मोजतच नाही तिथे चूकही दिसत नाही. माथेरानचे उदाहरण याहून जुने. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा 1907 पासूनच्या छोट्या रेल्वेने. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षाही आल्या, आणि माणसाने माणूस ओढण्याची हातरिक्षा बंद करण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला, जो यायला इतका उशीर व्हायला नको होता. जांभ्याच्या तांबड्या वाटांचे हे गाव मोटारीविना शतकाहून अधिक काळ पर्यटनावर जगत आले आहे. ‘गाडी दारात गेली नाही तर पर्यटक येणार नाही’ हे गृहीतक मुंबईपासून दोन-अडीच तासांवर रोज खोटे ठरते आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो समतेचा. शुल्क आणि ऑनलाइन नोंदणी म्हणजे डोंगर पैसेवाल्यांना आंदण देणे, दुचाकीवर मित्राला मागे बसवून आलेल्या किंवा लोकलने उतरलेल्या तरुणाने जायचे कुठे? आक्षेप रास्त आहे, आणि शुल्क हजारात गेले तर तो खराही ठरेल. पण आजची मोकळीक समान आहे का? रिसॉर्टच्या पाहुण्याला कठडा असलेली गच्ची आणि स्वतःचा तलाव मिळतो. उघड्या ओढ्यात उतरतो तो बहुधा ज्याला दुसरे काही परवडत नाही तो. नियोजन नसण्याची किंमत तोच मोजतो. एसटीने आलेल्याला प्रवेश आधी आणि मोटारीला जादा आकार, काही जागा नोंदणीविना येणाऱ्यांसाठी राखीव, आठवड्याच्या मधल्या दिवशी शुल्क माफ, असे नियम करणे अवघड नाही. वाटेवर पैसे देण्याची प्रथाही इथे नवी नव्हे. नाणेघाटात सातवाहनकालीन शिलालेखाच्या जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून उभा आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. कांदाभजी, मक्याचे कणीस, पार्किंगचे पन्नास रुपये यांवर वाड्या-पाड्यांतली घरे चालतात. संख्या कमी केली की त्यांच्या पोटावर पाय येईल. इथे हिशेब नीट मांडायला हवा. पावसाळ्यातल्या मोजक्या रविवारी कोंबलेली गर्दी घरटी फार थोडे पैसे सोडते आणि पुष्कळ प्लास्टिक सोडते. रस्ता रुंद झाला की जमीन विकली जाते, आणि पाच वर्षांनी त्याच जमिनीवरच्या हॉटेलात गावातला मुलगा पहारेकरी होतो. उलट वाटाड्या बरोबर घेण्याचा नियम, गावातच मुक्काम आणि जेवण, ओढ्यावरचा राखणदार पगारी, असे झाले तर कमी माणसांकडून गावात जास्त पैसा राहतो. दुर्घटना घडली की आधी धावतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र किंवा महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांची मुले, बहुतेक वेळा स्वतःच्या हिमतीवर. मृतदेह काढायला ज्यांचा भरवसा वाटतो, त्यांना जिवंत माणसे मोजायचे काम आणि त्याचा मोबदला का देऊ नये?

तिसरे म्हणणे असते की गर्दी वाटून टाका, नवी ठिकाणे खुली करा, म्हणजे जुन्यांवरचा ताण हलका होईल. ऐकायला शहाणपणाचे, पण अनुभव उलटा आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहायला जाणे हे काही वर्षांपूर्वी मोजक्यांनाच ठाऊक होते. प्रसिद्धी झाली आणि ज्या अंधारात काजवे एकमेकांना खुणावतात त्याच अंधारात मोटारींचे दिवे घुसले. ताण वाटला जात नाही, त्याची शाखा निघते. नवे ठिकाण खुले करायचे तर आधी तिथला खडक, माती, पाणी पाहून संख्या ठरवावी, गावाची संमती घ्यावी, मग नाव जाहीर करावे आणि रस्ता सगळ्यात शेवटी आणावा. आज हा क्रम नेमका उलट आहे. जपानमध्ये फुजीसारख्या पवित्र मानल्या गेलेल्या ज्वालामुखीवर 2024 पासून योशिदा वाटेने दिवसाला चार हजारांचीच मर्यादा आणि शुल्क आले. तिथेही कुरकुर झाली, पण दुसऱ्या वर्षी शुल्क वाढले, मर्यादा उठली नाही.

हे मोठ्या प्रमाणावर घडवायची संधी आपण एकदा हातची घालवली आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, तेव्हा त्याचा गाभा ग्रामसभांना विचारून ठरवा हा होता. त्याची ओळख मात्र ‘विकासविरोधी’ अशी करून देण्यात आली. मग कस्तुरीरंगन समिती आली, आणि 2024 पर्यंत संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा सहा वेळा निघाला. त्यात महाराष्ट्राचे सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर आहेत. मसुदा पुन्हा पुन्हा निघत राहिला, तेवढ्या काळात डोंगर कापणारे थांबले नव्हते.

आता प्रश्न पुन्हा समोर आला आहे, आणि या वेळी त्याला दोन कागद जोडलेले आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनी लाव्हाथर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. म्हणजे मंदिरे, किल्ले, फुले यांच्यापलीकडे इथला खडक हाच वारसा, असे देशाने जगापुढे म्हटले आहे. त्याच वेळी शेजारी कोयनेच्या खोऱ्यात सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या 235 गावांपासून सुरू झालेला ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाचा आराखडा पुढे सरकतो आहे, आणि त्याचे नियोजन राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे. जागतिक वारशाचे नामांकन पूर्ण करायचे तर व्यवस्थापनाचा आराखडा द्यावाच लागतो: कोणता कडा, कोणता सडा, किती माणसे, कोण मोजणार. तो आधी तयार करावा, भूवैज्ञानिक आणि त्या गावांच्या ग्रामसभा यांना एकत्र बसवून करावा, आणि जुन्या महाबळेश्वराइतकाच नव्यालाही बंधनकारक ठेवावा. रस्त्यांच्या निविदा तोवर थांबू शकतात.